सोबतचं सामान

रात्रीचे साडेअकरा. जालन्याच्या एमआयडीसीत
शेवटची भट्टी अजून लाल आहे,
सळयांचे ट्रक रांगेत झोपलेत,
आणि गच्चीवरच्या खोलीत मी
'तोल'ची चौथी आवृत्ती बांधायला बसलेय.

बांधायला, म्हणजे गाठोडं बांधतात तसं.
आमचं स्वतःचं त्यात थोडंच:
वजन घेणारा खण, पट्टी छापणारा खण,
हमाली-तोलाई वजा करणारा खण.
बाकी सगळं लोकांचं.
तारखा ओळखणारं कुणाचं,
जोडाक्षरं न मोडता कागदावर उतरवणारं कुणाचं,
काट्याच्या वायरीतून येणारे आकडे ऐकणारं
कुठल्याशा थंड गावातल्या माणसाचं,
ज्यानं तूर कधी पाहिलीही नसेल.

मागच्या वेळी हुशारी केली.
नुसती यादी दिली. हे हे लागेल,
ज्याचं त्यानं नेटवरून उतरवून घ्यावं.
मंठ्याच्या मोंढ्यातून केरबा लांडगेंचा फोन:
"ताई, सकाळधरनं निस्ती चक्री फिरायली.
रेंज बाभळीखाली येती, काटा हितं हाय.
काटा बाभळीखाली न्यावा का?"
बाहेर सोयाबीनच्या पन्नास ट्रॉल्या.
पट्ट्या हातानं लिहिल्या त्या दिवशी,
आणि क्विंटलमागं कुणाचं किती राहिलं
ते काट्यालाही माहीत नाही.

म्हणून यंदा सगळं सोबत.
पेनड्राइव्हवर मावेल असं.
पण तिन्ही खणांनी आपापल्या पोटात
तीच तारखांची लायब्ररी भरून घेतलेली,
एकात जुनी, एकात नवी,
तिसऱ्यात तर जवादनं दोन ओळी बदललेल्या
आणि कुठंच लिहून न ठेवलेल्या.
"चालतंय ना?" जवाद म्हणतो.
चालतंय.
एकतीस जूनची पट्टी निघेपर्यंत चालतंच.

आई बियाण्याच्या कंपनीत
पाकिटं भरायला होती, एकोणीस हंगाम.
चहा ठेवते, पडद्याकडं बघते,
त्यातलं काही कळत नाही तिला,
माझं तोंड तेवढं कळतं.
"लॉट मिसळले का गं?"
तिच्या टेबलावर दोन लॉट एका पाकिटात गेले
की अख्खी पेटी फोडायची.
बी कुणाचं, कुठं वाढलं, उगवण किती टक्के,
सगळं पुन्हा पहिल्यापासून.
"आपण पाकीट शिवतो. दाणा आपला नसतो."

फोडली पेटी.
तारखांची लायब्ररी एकच ठेवली, तिघांच्या मधे.
जवादच्या दोन ओळी बाजूला काढून
त्यावर त्याचं नाव घातलं.
आधी रुसला,
मग म्हणाला, आडनावात द ला द आहे, नीट लिही.

मग परवाने. सदतीस.
एक म्हणतो, न्या, पण तुमचंही उघडं ठेवा.
एक फॉन्ट म्हणतो, वापरा, पण वाटू नका.
तो काढला, दुसरा घातला,
आता पट्टीवरचा ळ जरा आखूड दिसतो.
शेवटी तो, काट्याचे आकडे ऐकणारा.
नऊ वर्षं त्याच्या कोडला कुणाचा हात नाही.
मेल लिहिला, तो परत आला: असा पत्ता नाही.
परवान्यात त्याची चारच वाक्यं.
पैसे नकोत.
विचारायची गरज नाही.
मोडलं तर मला धरू नका.
ही ओळ आणि माझं नाव तेवढं सोबत असू द्या.

पहाटे तीनला फाइल केली, नाव दिलं 'सोबत'.
सदतीस नावं, त्याचं सगळ्यात वर.
क्रम वर्णानुक्रमे असायला हवा होता. असू दे.

आठ दिवसांनी केरबाचा फोन.
रेंज तुटत होती, म्हणजे बाभळीखालीच असणार.
"ताई, चाललं बघा नेटबिगर.
पर हे सदतीस नावं कोनाचे?
ह्यांची हमाली कोन्त्या खात्याला लावू?"

हमाली नाही घेत ती माणसं, म्हटलं.
फक्त पुसू नका.

थोडा वेळ काहीच नाही.
मग, "थांबा, पट्टी अडकली," म्हणाला,
आणि फोन तसाच चालू ठेवून काट्याकडं गेला.